चिऱ्यापुढची दोन पानं

पहिला फेर

रावजी

बस नम्रता, पाणी पी. शमिकाला उन्हात उभी ठेवू नकोस. तुझ्या विनीतचं सांगतो सगळं.

ही बाग देवदत्तशेठची, राखायला मी. रविवारी दुपारी पोरं इथे मांगरात, या छपराखाली, पोकर खेळायची. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी. ज्याची जुळणी मोठी, त्याचे पैसे. समोरच्याने पैसे वाढवले की तेवढेच लावायचे, नाहीतर भिऊन पास म्हणायचं. मी बहुतेक भ्यायचो.

दाराशी तो शेंदूर लावलेला चिरा दिसतोय ना, तो जागेवाला. बाग आधी त्याची. इथे भाकरी मोडली तरी पहिला तुकडा त्याच्यापुढे, बिडी पेटवली तरी पहिली त्याला. मग पत्ते वाटले तर? त्यालाही दोन पानं. डाव संपता संपता मी हात जोडायचो, ‘तुमचा पास, महाराजा,’ आणि न बघता ती गड्डीत घालायचो. एक डाव चुकवला नाही.

विनीत नाहीसा झाला त्या रविवारी मी पुतणीच्या लग्नाला पूर्णगडला होतो.

शिवा

वहिनी, खेळ मी आणला, खोटं कशाला बोलू? फोनवर खेळायचो, ते बंद झालं, म्हटलं हाताने खेळू. विनीतचं बंदरावरचं कंत्राट संपलं आणि तो मागेच लागला. ‘मुंबईला नाही जायचं मला. रिक्षाचे पहिले पैसे भरण्यापुरते जिंकलो की बस.’

‘मेल्या, मग आहेत ते इथे कशाला उधळतोस?’

‘थोड्या पैशात रिक्षा येत नाही, शिवा. पोकर येतं.’

सागर

मी हरलो तर दुसऱ्या दिवशी टेम्पोचं एक भाडं जास्त मारतो. विनीतला दुसरा दिवस नव्हता. चांगली पानं आली की त्याची मान ताठ व्हायची. आम्ही लगेच पास. वाईट आली तरी तो खेळतच राहायचा, गेलेलं परत पाहिजे म्हणून. एकदा बोललो मी त्याला, ‘तुला घाई आहे, म्हणून हरतोस. ज्याला घाई नाही त्याचा खेळ आहे हा.’

‘घाई नसायलाही पैसे लागतात, सागरशेठ.’ असा टोमणा.

त्याचं बरंचसं माझ्याच खिशात आलं, वहिनी. मी ते परत…

जाऊ दे.

विनीत

(जागा रिकामी. चपला दाराशी.)

चिरा

( )

दुसरा फेर

शिवा

शेवटच्या डावाला त्याने होतं नव्हतं ते पुढे सारलं. मी पास. सागर पास. डाव त्याचा झाला. पण त्यात रिक्षा होत नव्हती. चिऱ्यापुढे नोटांचा ढीग असतो. दर रविवारी पहिली नोट आम्ही तिथे ठेवतो, वर्षाच्या राखणीचा कोंबडा आणि नारळ त्यातून येतो. विनीत तिकडेच बघत होता. मी गंमत केली. देवाशप्पथ, गंमत.

‘अजून एक जण पास नाही झाला, बघ.’

रावजीकाका नव्हते ना. पानं तशीच पडलेली.

‘मग त्याच्याशी खेळतो,’ विनीत म्हणाला.

‘लावणार काय? खिसा डावातच झाडलास की!’

तो मांडी घालून चिऱ्यासमोर बसला. ‘इथून जावं लागू नये म्हणून खेळतोय ना मी? तेच लावलं. हरलो तर माझं राहणं तुझं.’

आम्ही हसलो, वहिनी.

सागर

विनीतकडे दोन राजे, मध्ये तिसरा. मधल्या उघड्या पानांत दोन दुर्र्याही. असा हात कोण हरतो? मग त्याने चिऱ्याची पानं उलटली. आजवर कुणी उलटली नव्हती.

दुर्री. दुर्री.

चार झाल्या. चार सारखी म्हणजे राजांच्याही वर.

वारा होता. कलमं हलताना दिसत होती. आवाज नव्हता.

‘हरलो काय रे?’ एवढं म्हणाला आणि पाणी प्यायला मांगरामागे गेला. मागे गडगा आहे, माणसाच्या उंचीचा, चिऱ्यांनी रचलेला. पलीकडे रस्त्यावर टेम्पोत माझा भाऊ बसला होता. गडग्यावरून कुणी उतरलं नाही, म्हणतो.

विनीत

( )

चिरा

नम्रता.

रावजी

लोक म्हणतात, तोंड दाखवायला लाज वाटली, मुंबईला पळाला. तूही तसंच धर. भाऊ आहे ना तुझा तिकडे? पोरीला घेऊन जा, शोध त्याला.

काय?

नाही. कुणी हाक मारली नाही तुला. ऊठ. वळून बघू नकोस.

तिसरा फेर

चिरा

गेल्या दोघी. शमिका माझ्या चपला हातात घेऊन गेली. गडग्याच्या वाटेशी ती थांबली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. नम्रताने तिला ओढलं. मग मुंबईची गाडी धरली, हे शिवाच्या बोलण्यातून कळलं.

माझ्याआधी इथे जो होता, तो मी बसताच उठून गेला.

पोरं थोडे रविवार आली नाहीत, मग आली. माझ्या जागेवर आता भागोजी बसतो. त्याचंही कंत्राट संपलंय, त्यालाही गाव सोडायचं नाही. भाकरीचा पहिला तुकडा मला मिळतो. मुंग्या तो हळूहळू घेऊन जातात. दोन पानंही मिळतात. झाकलेली असली तरी मला दिसतात. दर डावाला माझीच मोठी असतात. रावजीकाका हात जोडतात, ‘तुमचा पास, महाराजा,’ आणि उचलून घेतात.

हरायला लागला की भागोजी माझ्यापुढच्या ढिगाकडे बघतो.

मला मुंबईला जायचंय. दोघी तिकडे मला शोधतायत.

पूर्णगडला रावजीकाकांची धाकटी पुतणी लग्नाची आहे. काका जातील. भागोजी इकडे वळून बसेल, मांडी घालून, आणि माझ्या तोंडाकडे बघेल, याची पानं कशी आहेत म्हणून.

बघू दे. चिऱ्याला मान नसते.