काळे दाणे

"दुखतं का?" सुजलेलं पाऊल दाबत यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी," बसंतीबाई म्हणाली. "दुखलं असतं तं पह्यलेच आली असती."

राळेगावजवळच्या तांड्यावरच्या नेमसिंगची ती बायको. काही वर्षांपूर्वी कापूस वेचताना बाभळीचा काटा पायात मोडला. तिनं तो सुईनं काढला आणि विसरून गेली. मग गाठ आली, गाठीला तोंडं फुटली, पुवातून खसखशीसारखे काळे दाणे पडू लागले. महारोगच, असं तांड्यानं ठरवून टाकलं. पोरीची जमलेली सोयरीक मोडली. दोघांना झोपडी तांड्याबाहेर न्यावी लागली.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. बसंतीबाई ओरडली.

"महारोगात हे कळलंच नसतं, बाई. ही बुरशी आहे. काट्याबरोबर मातीतून आत गेली."

"भाकरीवर येते, तशी?" नेमसिंगनं विचारलं.

"त्यातलीच."

"मंग माह्या अंगानं कायले नाई मारलं तिले?" बसंतीबाई म्हणाली.

"ओळखलं तर लगेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या, वेढा घातला. ही सूज, हा पू, त्यांचीच लढाई. पण बुरशी या टणक दाण्यांत दडून बसते. पेशी भोवतीच मरतात, आत शिरता येत नाही." डॉक्टरांनी पाऊल हळूच खाली ठेवलं. "आमची औषधंही आत फारशी पोचत नाहीत. हाडात शिरलीय. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल."

बसंतीबाई पायाकडे पाहत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलं अंगच नासकं. ते तर रोज लढत होतं.

"कापा," ती म्हणाली. "पन एकडाव तांड्यात येऊन सांगा, का हा महारोग नाई म्हून."

डॉक्टरांना येणं जमलं नाही. नेमसिंगच घरोघर सांगत फिरला. लोक ऐकून घेत आणि आपापल्या कामाला लागत.

दिवाळीनंतर ती बैलबंडीतून तांड्यावर उतरली. बायका लांबच उभ्या राहिल्या. तिची जाऊ नंदाबाई तेवढी पुढे आली, हातभर अंतरावर थांबली. घागऱ्याखालच्या रिकाम्या जागेकडे तिनं पाहिलं. मग बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका तांड्यात गळ्यात पडून रडतात, तसे तिनं हात पसरले.

बसंतीबाईनं दोन्ही कुबड्या मातीत सोडून दिल्या.