दोरीला बांधलेले पेन आणि रकान्यातली मुलगी

मित्रांनो, ज्याच्याशिवाय आमच्या इस्पितळात कोणालाही मरणाशी झुंजता येत नाही, असे मी एक जुने पेन आहे. ॲडमिशन काउंटरवर मला दोरीने बांधून ठेवले आहे. हा माझा मान आहे, असा माझा बरेच दिवस समज होता. खरे कारण असे की माझ्याआधीची अकरा पेने लोकांनी खिशात घालून नेली.

मध्यंतरी तीन महिन्यांसाठी काउंटरवर एक बाई आली. नाव कोणी विचारले नाही. सगळे तिला 'टेंपररी' म्हणत. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने बजावले, "नातेवाइकाची सही नाही, तर ॲडमिशन नाही. मग साक्षात माझा मेहुणा का असेना!"

"मेहुण्याबरोबर तुम्ही असलात तर?"

"टेंपररी माणसानं फार विचार करू नये."

तिच्या शेवटच्या आठवड्यात एक सुतार आला. केस पांढरेशुभ्र, हात छातीवर, अंग घामाने निथळलेले.

"काका, बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही, ताई. असतं तर हात धरून आणलं नसतं का?"

हेडक्लार्क जेवायला गेला होता. बाईने मला ओढले. दोरी ताठ झाली. आजवर मी काउंटरबाहेरच्या हातांतच गेले होते. आत खेचले गेले तेव्हा माझी शाईच गोठली. नात्याच्या रकान्यात तिने लिहिले 'मुलगी', आणि खाली सही ठोकली. इतकी धडधडीत थाप, आणि तीही माझ्याकडून! सुताराला मात्र लगेच आत नेले.

तो वाचला. पण घरी सोडतानाही त्याच नातेवाइकाची सही लागते, आणि मुलीची नोकरी आदल्याच दिवशी संपलेली. हेडक्लार्कने फॉर्मवरचा नंबर फिरवला. तासाभराने समोर टेंपररी!

त्याचा चहा शर्टावर सांडला. "तुम्ही? यांच्या मुलगी?" त्याने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "अहो, वडील सेहेचाळीस आणि मुलगी अडतीस!"

"वय नंतर विचारलं," ती पुटपुटली.

सुतार म्हणाला, "माझे केस विशीतच पिकले, साहेब. यात पोरीचा काय दोष?"

आता बाईवर संकट येणार, म्हणून मी टोकापर्यंत हादरले. हेडक्लार्कने आधीची आणि आताची सही ताडून पाहिली. जुळली. वय ताडून पाहा, असे नियमात नव्हते. त्याने शिक्का मारला.

मित्रांनो, इस्पितळाच्या रांगेत एकटा माणूस दिसला तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. जमल्यास आम्हा पेनांकडेही लक्ष द्या.

सध्या माझी रिफिल संपली आहे. दोरी मात्र नवी बसवली आहे.