टबातली घटपर्णी

खुब्याच्या ऑपरेशनसाठी माझी मैत्रीण वर्ना पर्थला गेली, आणि जाताना मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे ठेवून गेली. फाटकाआड तिचा जुना आंघोळीचा टब, त्यात पीट-वाळूचा, म्हणजे कुजक्या शेवाळाची माती नि वाळूचा चिखल आणि चिखलात आमच्या अल्बनी गावची घटपर्णी, किडे खाणारी. "टाकीतलं पावसाचं पाणी घाल, डॉट. दुसरं काही नाही," एवढंच तिनं बजावलं.

मला अक्कल नाही, हे सत्तर वर्षांत मी कधी कबूल केलं नव्हतं, आज करते. रोपं फिकट दिसली, माझा जीव कळवळला. गुलाबांचं मासळीखत ओतलं, तेही दोनदा. वर्ना परतली तेव्हा टबात सगळं काळं पडलं होतं.

"भुकेवर जगणारीला ख्रिसमसचं जेवण घातलंस," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं किल्ली परत घेतली आणि शेजारच्या केल्विनला दिली. केल्विनला! ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी फाटक ठोठावलं.

"मुळं तरी जिवंत असतील ना गं?"

"असली तरी मला कुठे वाकता येतंय?"

"मी वाकते की."

तिनं सांगितलं, मी केलं. मुळं धुतली, पेराएवढे तुकडे नव्या पीट-वाळूत आडवे निजवले. उन्हाळ्यात टाकी आटली, तर दिराच्या शेतावरून पावसाच्या पाण्याचे कॅन वाहिले. केल्विन दर शनिवारी फाटक उघडायचा आणि विचारायचा, "काय डॉट, आज सॉसेज देऊ या का तिला?"

"तुलाच टबात टाकला असता, पण तू तिला पचायचा नाहीस."

वर्षभर नुसता चिखल. मग दुसऱ्या सप्टेंबरात पानाची नखाएवढी एक सुरई वर आली, लाल दातांची. ऑक्टोबर संपेपर्यंत सतरा झाल्या. आम्ही तिघं बघत असताना एक मुंगी काठावर चढली, घसरली आणि आत गेली. मी टाळ्याच वाजवल्या, लाज नाही वाटली.

वर्नानं केल्विनपुढे हात पसरला. "किल्ली दे. दुसऱ्या खुब्याची तारीख मिळालीय."

ती किल्ली तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"आणि खताचा डबा?" मी विचारलं.

"तो केल्विनकडे देऊन टाक."