कुपीतल्या तेलाची साक्ष

मी एक जुनी काचेची कुपी आहे. पूर्वी एका मिशन दवाखान्यात माझ्यात खोकल्याचं औषध असे. दवाखाना बंद पडल्यावर प्रवरेकाठच्या एका लहान चर्चच्या पाळकांनी मला धुतलं आणि ऑलिव्हचं तेल भरलं. मित्रांनो, तेव्हापासून माझ्यातलं तेल आजाऱ्यांच्या कपाळाला लावून प्रार्थना होऊ लागली. काही बरे झाले, काही मातीआड गेले. गेलेल्यांच्या वेळी माझं नाव कोणी काढत नसे. बरे झालेले मात्र म्हणत, "कुपीत गुण आहे." मला ते ऐकायला फार आवडे.

यंदा मनकर्णाबाई ऊसतोडीहून परतल्या त्या पायाला जखम घेऊन. त्यांना साखरेचा आजार होता. प्रार्थना झाली आणि आठवड्याभरात पायाचं दुखणं थांबलं. रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी देवानं बरं केल्याची साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी साखरेचं रोजचं इंजेक्शन बंद केलं आणि मला मागून घरी नेलं.

रोज सकाळी त्या माझ्यातलं तेल जखमेवर ओतत. मी जवळून बघत होते. आधी अंगठ्याचं टोक काळं झालं. मग वास येऊ लागला. शेजारणी दारातूनच बोलून परतू लागल्या.

"आत्या, दवाखान्यात चला," सून पंकजा म्हणाली.

"दुखत न्हाई, म्हंजी बराच झालाय. माझा इस्वास मोडू नको."

"साखरेत पाय बधिर पडतो. दुखत न्हाई, याचंच मला भ्या वाटतंय."

काळेपणा घोट्याकडे सरकला तेव्हा पंकजा पाळकसाहेबांना घेऊन आली. ते जमिनीवर बसले आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला.

"येशूनं कुष्ठरोग्याला नुसता हात लावला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग मला सुई कशाला?"

"ज्याच्याजवळ कोणी जात नव्हतं, त्याच्याजवळ तो गेला, बाई. चमत्कार तिथूनच सुरू झाला. आणि बरं झाल्यावर त्याला म्हणाला, जा, याजकाला दाखव. म्हणजे त्या काळी रोग तपासणाऱ्याकडून तपासून घ्यायला लावलं. आम्ही तुमचा पाय न बघताच टाळ्या वाजवल्या. चूक माझी आहे."

त्याच दुपारी टेम्पोतून त्यांना नगरला नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी परत चर्चच्या कपाटात आले. गेल्या रविवारी मनकर्णाबाई वॉकर घेऊन आल्या. पाळकसाहेबांनी त्यांच्या कपाळाला तेल लावलं. लोक उठू लागले, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "या राहिलेल्या पायालाबी दोन दिसांपासून कायच लागंना झालंय."

पंकजानं खाली बसून त्यांची चप्पल काढली.

मित्रांनो, माझ्यात फक्त तेल आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण आधी त्याच्याजवळ जा, जखमेवरचं फडकं उघडा, आणि वास आला तरी तोंड फिरवू नका.