मार्चमधलं सलाईन

फेब्रुवारीच्या शेवटी इंजेक्शनचं शेवटचं पेन संपलं. दोन वर्षं रोज संध्याकाळी पोटात सुई टोचून घेतली होती. रिकामं पेन डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचा.

फुप्फुसाच्या दुखण्यासाठी मी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या. त्यांनी हाडं पोखरली. मग मसुराच्या बियाण्याचं पोतं उचलताना पाठीचा मणका दबला आणि उंचीच कमी झाली. गावातल्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, दुकानात मागच्या टेबलाशी आम्ही म्हातारे शेतकरी रोज सकाळी कॉफीला जमतो. तिथे एल्मर गीस मुद्दाम वाकून विचारायचा, "ओरेस्ट आलाय का रे? की टेबलाखाली आहे?" तेव्हा हाडं नव्यानं बांधणारं हे इंजेक्शन सुरू झालं.

पहिलं वर्षभर ते माझी बायको स्लाव्का टोचायची. मला जमलं नसतं असं नाही. पण ती म्हणायची, "तुझ्यावर सोपवलं तर आठवड्यातून दोनदा होईल."

गेल्या मे महिन्यात, ऐन पेरणीत, ती अंगणात पडली आणि गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शेजाऱ्यांनी आपापली यंत्रं थांबवली, तिला पोचवायला आले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेतात उतरून सगळी पेरणी करून गेले. मी खिडकीतून बघत बसलो होतो. त्यानंतर इंजेक्शन मी स्वतः घ्यायला लागलो. चुकवलं नाही. रोजचं काम अंगवळणी पडतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिथे अधूनमधून येतो, एरवी सगळं जॉय बाउतिस्ता नावाची नर्स बघते. तिनं हाडांच्या तपासणीचे आकडे दाखवले.

"काका, झकास! पाठीचं हाड चांगलंच भरलंय."

"मग आता सुट्टी."

"कसली सुट्टी? आता काहीच घेतलं नाहीत तर मिळवलेलं बरंचसं वर्षभरात निघून जाईल. बांधलेलं टिकवायला दुसरं औषध लागतं. तेही लवकर सुरू करावं लागतं."

माझी मुलगी लेस्या दूर कॅल्गरी शहरात असते. तिला मी फोनवर घेतलं होतं. ती लगेच म्हणाली, "मी वाचलंय सगळं. कोणकोणतं देता येईल?"

जॉयनं सांगितलं. एक म्हणजे आठवड्याची गोळी. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा तास ताठ बसायचं, खायचं नाही, कॉफी नाही. पण माझ्या अन्ननलिकेला आधीच जळजळीनं जखमा झालेल्या, त्यामुळे ती बाद. दुसरं, दर सहा महिन्यांनी दंडात इंजेक्शन. तिसरं, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध.

"सहा महिन्यांचं द्या," लेस्या म्हणाली. "त्यानं हाड जास्त वाढतं. हो ना?"

"थोडं जास्त वाढतं, हो," जॉय म्हणाली. "पण त्यात उशीर चालत नाही. लांबलं तर हाड झपाट्यानं झिजतं, एकामागून एक मणके दबू शकतात. म्हणून विचारते काका, तारीख कोण लक्षात ठेवेल?"

"स्लाव्का," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. जॉयनं पेन खाली ठेवलं. मी टोपी उचलली आणि म्हटलं, शुक्रवारी सांगतो.

घरी आल्यावर जेवलो नाही. दहा महिन्यांत मी स्वयंपाक शिकलो, कपडे धुवायला शिकलो, आणि वाटत होतं की आपलं नीट चाललंय. एका साध्या प्रश्नानं कळलं की माझ्या डोक्यात अजून ती घरातच होती. तिच्या भरवशावर मी औषध निवडायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलाशी विषय काढला. एल्मरनं साखर ढवळता ढवळता बोटं मोजली.

"आत्ता मार्चात घेतलंस, तर पुढचं सप्टेंबरात."

"हो."

"सप्टेंबरात कापणी! तू त्या यंत्रावरून खाली उतरणार? अरे, गेल्या खेपेला तुझा दात सुजून गाल भोपळ्याएवढा झाला, तरी तू पाऊस येईपर्यंत दवाखान्यात गेला नाहीस."

"मग एप्रिलपर्यंत थांबून घेऊ. पुढचं ऑक्टोबरात येईल."

"ऑक्टोबरात कापणी लांबते. आणि असं लांबवत लांबवत त्याच्या पुढचं आलं मे महिन्यात. पेरणीत तर तू मरायलासुद्धा वेळ काढणार नाहीस." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले. "माफ कर, ओरेस्ट. जीभच मेली..."

"असू दे. खरंय तुझं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी लेस्याला फोन केला. "सलाईन घेतोय. वर्षातून एकदा, मार्चात. शेतात बर्फ असतं, कामं नसतात. आणि थोडा उशीर झालाच, तर पाठ मोडत नाही."

"बाबा, पण दुसऱ्याचे आकडे चांगले आहेत! मी आठवण करीन ना. मोबाइलवर घंटा लावून ठेवते."

"पेरणीत मी फोन उचलतो का?"

ती म्हणाली, "आईनं केला तरी उचलत नव्हतात तुम्ही."

"ती ट्रक घेऊन शेताच्या टोकाला येऊन उभी राहायची. हॉर्न वाजवत. तू कॅल्गरीहून हॉर्न वाजवणार?"

लेस्या हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ठीक आहे. सलाईन. पण दाताच्या डॉक्टरकडे आधी जाऊन या, या औषधानंतर दात काढावा लागला तर जबडा लवकर भरत नाही. आणि पाणी भरपूर प्या."

"जॉयनं तेच सांगितलंय."

"मग ऐका तिचं."

मूत्रपिंडाची आणि रक्ताची तपासणी झाली, एक दात दुरुस्त झाला, आणि मार्चच्या अखेरीस हाताला सलाईन लागलं. अर्ध्या तासाचंच काम. जॉय म्हणाली, पहिल्या खेपेला एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, कोणी सोबत असलेलं बरं. एल्मर स्वतःहून आला. ताप आला, अंग ठणकलं. एल्मरनं डब्यातलं सूप करपवलं. सूप कसं करपवतात हे मला अजून कळलेलं नाही.

"तुझ्या बायकोनं इतकी वर्षं तुला स्वयंपाकघरात का येऊ दिलं नाही ते आज कळलं," मी पांघरुणातून म्हटलं.

"गप पड. पाणी पी."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी अंडी केली, दोघांनी खाल्ली, आणि एल्मर घरी गेला.

सोमवारी कॉफीला गेलो. सगळ्यांनी सलाईनची यथेच्छ टर उडवली. उठताना हार्वी लिंडक्विस्ट माझ्या मागोमाग बाहेर आला. हार्वी टेबलाशी फारसा बोलत नाही. माझ्या ट्रकच्या टायरकडे बघत तो म्हणाला, "ओरेस्ट, आमच्या हिनं, डोरीननं पण तीच रोजची इंजेक्शनं घेतली होती. नोव्हेंबरात संपली."

"मग पुढे काय घेतेय?"

"काही नाही. आम्हाला वाटलं, कोर्स संपला, झालं. शहरातला डॉक्टर बदलला, नव्या डॉक्टरनं काही बोलावलं नाही." तो थांबला. "पेरणी उरकली की दाखवीन म्हणतो."

"पेरणीनंतर नाही," मी म्हटलं.

"अरे, दोनेक महिन्यांचाच तर प्रश्न..."

"हार्वी, फोन काढ."

त्यानं खिशातून फोन काढला. मी दवाखान्याचा नंबर सांगितला. वारा बोचरा होता, आणि दोघांनीही हातमोजे घातले नव्हते. पलीकडे घंटी वाजत होती. जॉयनं फोन उचलेपर्यंत मी त्याच्या ट्रकच्या दाराला टेकून उभा राहिलो, म्हणजे त्याला आत बसून निघून जाता येऊ नये.