टीव्हीला नाव दिसेना

दौलतराव तायडे रस्त्यानं जाताना अजूनही वर बघत चालायचे. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात फोन मेकॅनिक म्हणून काढली. खांबावर चढायच्या आधी मान वर करून तार न्याहाळायची सवय लागली, ती निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सुटली नव्हती. खांबांवर आता तारा उरल्या नव्हत्या. पण आसेगावात कुणाचा मिक्सर बंद पडो की विहिरीवरची मोटार, दौलतराव बोलावणं यायच्या आधीच हजर व्हायचे आणि पेचकस काढता काढता म्हणायचे, “फॉल्ट हवेतून येत नसते बापा. फॉल्टले कारन असते.”

अशा माणसाच्या घरात बुधवारी नवा स्मार्ट टीव्ही आला. त्रेचाळीस इंची. मुलानं, उत्कर्षनं, नागपुरातून पैसे भरले आणि वाशीमच्या दुकानातून तो घरपोच आला. निमित्त होतं त्याच्या बहिणीचं. स्नेहा अकोल्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका, आणि कबड्डीची पंच. यंदा पहिल्यांदाच तिला राष्ट्रीय स्पर्धेत पंच म्हणून बोलावलं होतं, तेही थेट गुवाहाटीला. तिचा सामना रविवारी चार वाजता यूट्यूबवर दिसणार होता. आई रत्नमालाबाईंना मोबाईलच्या पडद्यावर लेक मुंगीएवढी दिसायची, म्हणून हा टीव्ही.

दौलतरावांनी बुधवारीच सगळ्या गल्लीला आवतण देऊन टाकलं. “रविवारी चारले या. आमची स्नेहा शिट्टी वाजवून राह्यली, पाहा मोठ्या पडद्यावर.”

टीव्ही भिंतीवर लागला, सुरू झाला, भाषा कोणती हवी ते त्यानं विचारलं. मग वायफाय शोधू लागला. गोल चकरी फिरली आणि नावांची यादी आली. चौकातल्या कृषी केंद्राचं नाव आलं. पतसंस्थेचं आलं. शेजारच्या हेमसिंग राठोडच्या मोबाईलचं हॉटस्पॉट आलं. ज्या घरात टीव्ही होता त्या घराचं नाव मात्र आलं नाही.

“शोधते अजून,” दौलतराव म्हणाले. “नवा हाय तो. बावचळला असन.”

गुरुवार शोधण्यातच गेला. दौलतरावांनी राउटर बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. घराचा मेन स्विच पाडून दोन्ही एकदम चालू केले. फडताळातला राउटर काढून स्टुलावर ठेवला, स्टूल सरकवत सरकवत टीव्हीसमोर आणलं, शेवटी हातभर अंतरावर. राउटरचे हिरवे दिवे टीव्हीच्या काचेत लुकलुकताना दिसत होते. टीव्ही मात्र चौकातल्या कृषी केंद्राकडेच बघत होता. दौलतरावांच्या आणि रत्नमालाबाईंच्या मोबाईलवर तेच नेट पूर्ण दांड्यांनी चालत होतं.

रत्नमालाबाई खाली बसून तूर निवडत होत्या. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “अहो, तुमीच त नाव लपवलं न आपलं?”

ही गोष्ट खरी होती. गेल्या वर्षी हेमसिंगच्या मुलीचा दहावीचा निकाल बघायचा म्हणून दौलतरावांनी त्याच्या बायकोला, रामीबाईला, पासवर्ड दिला होता. दिवाळीपर्यंत तो गल्लीभर झाला. संध्याकाळी त्यांच्या कुंपणाला टेकून आठ-दहा जण मोबाईल बघत बसायचे आणि दौलतराव बाहेर आले की “काय भाऊ, बरं हाय न?” म्हणून आपुलकीनं विचारायचे. भाऊ म्हणणाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? शेवटी त्यांनी इंटरनेटवाल्या शिवमला फोन केला. तो म्हणाला, पासवर्ड बदलला तर नवा मागायला येतील. त्यापेक्षा नावच लपवा. ज्याला नाव माहीत आहे त्यानं ते हातानं टाकायचं, बाकीच्यांना ते दिसतच नाही. दौलतरावांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी पासवर्डही बदलला, नावही लपवलं, आपल्या दोन्ही मोबाईलमध्ये ते हातानं टाकलं आणि त्या दिवशी जेवताना दोनदा सांगितलं, “आता आपलं नाव कोनालेच दिसनार नाही.”

“ते शेजाऱ्यायसाठी लपवलं,” दौलतराव आता म्हणाले. “टीव्ही घरातला हाय.”

“टीव्हीले कसं समजन का तो घरातला हाय म्हनून?”

दौलतरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं पूर्वी ते खांबाखाली उभं राहून सल्ला देणाऱ्या लोकांकडे पाहायचे. “रत्ना, हे टेक्निकल काम हाय. तू तुरीतले खडे पाय.”

त्या खडे बघू लागल्या.

शुक्रवारी त्यांनी टीव्हीच्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, पुण्याकडच्या मराठीत, फार गोड. तिनं विचारलं, सर, इतर नेटवर्क दिसत आहेत का? दिसत होती. सर, राउटर रीस्टार्ट केला का? केला होता. मग तिनं विचारलं, “सर, तुमच्या नेटवर्कचं नाव हाइड केलेलं आहे का? म्हणजे लपवलेलं?”

फोन स्पीकरवर होता. सुपातली तूर सळसळायची थांबली.

दौलतराव म्हणाले, “नाही.”

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हणजे कालच जर ‘हो’ म्हणून टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण काल खडे बघायला सांगून झालं होतं, आणि आज गुवाहाटीहून आलेल्या फोनवर स्नेहालाही सांगून झालं होतं की टीव्हीतच दोष आहे. ती मुलगी म्हणाली, मग सर, टीव्ही तपासावा लागेल, दुकानात घेऊन जा.

“आयकलं?” दौलतराव फोन ठेवून म्हणाले. “कंपनी स्वतः म्हनून राह्यली.”

“आयकलं,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी टीव्ही पुन्हा खोक्यात गेला. एवढं धूड एसटीत कसं न्यायचं, असा प्रश्न पडला तेव्हा हेमसिंग कुंपणापलीकडून म्हणाला, “भाऊ, मी वाशीमले चाललोच हाओ. टाका गाडीत.” त्याची मालवाहू गाडी होती, तो भाजी न्यायचा-आणायचा. कोथिंबिरीच्या जुड्यांच्या बाजूला खोकं उभं करून त्यानं ते दोरीनं बांधलं, वर गोणपाट टाकलं. भाड्याचं विचारलं तर त्यानं कानावर हात ठेवले.

गाव सुटल्यावर हेमसिंग जरा घुटमळत म्हणाला, “भाऊ, राग नका मानू, एक इचारू?”

“इचार.”

“तुमचं नेट तुमी बंद केलं का? आमच्या मोबाईलवर नावच येनं बंद झालं. रामी म्हने, पेन्शनवाला मानूस हाय, एवढ्या लोकायचं नेट त्याले कसं परवडन? आपन गल्लीभर मिळून चालवत होतो अन् बिल त्यायच्या एकट्यावर. तिच्या मनाले लय लागलं. मंग मी माह्या मोबाईलवर मोठं रिचार्ज मारलं.” तो खड्डा चुकवायला थांबला. “तुमाले लागलं त हॉटस्पॉट चालू करून ठेवत जाईन. आमचंच समजा.”

दौलतराव खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती. तरी ते वाशीम येईपर्यंत बाहेरच बघत राहिले. मध्ये एकदा “बंद नाही केलं,” एवढंच म्हणाले. हेमसिंगला वाटलं, माणूस मानी आहे. त्यानं विषय वाढवला नाही.

पाटणी चौकातल्या दुकानात अनुप नावाचा माणूस होता, पस्तिशीतला, डोळ्यांखाली थकवा. त्यानं टीव्ही काउंटरवर लावला. चकरी एकदा फिरली, दुकानाचं वायफाय सापडलं, आणि पाच-सात सेकंदांत पडद्यावर एक बाई भरली वांगी करायला लागली.

“चालते त,” हेमसिंग आनंदानं म्हणाला.

अनुपनं दौलतरावांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “काका, घरच्या राउटरचं नाव कोनी लपवून त नाही ठेवलं?”

दौलतरावांनी नजर पडद्यावरच्या वांग्यांवर ठेवली. हेमसिंग त्यांच्या शेजारी उभा होता, हातात त्यांच्याच टीव्हीचा रिमोट धरून.

अनुपनं क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, “थांबा, सॉफ्टवेअर जुनं दिसते. मारून देतो अपडेट.” त्यानं कुठलीतरी चार बटणं दाबली, पडदा काळा केला, पुन्हा उजळवला. “झालं. आता घरी लागन.”

दौलतरावांना तो सूर ओळखीचा वाटला, कारण तो त्यांचाच होता. एकदा ऐन उन्हाळ्यात सायकलीवर बारा किलोमीटर तुडवून ते शिरपूरकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी गेले होते. चार दिवस फोन मुका म्हणून तक्रार. बघतात तर रिसीव्हर नीट ठेवलेलाच नव्हता, खाली उशीचा कोपरा अडकला होता. मास्तरांभोवती सगळं घर उभं होतं. दौलतराव उशी बाजूला करून बाहेर गेले, उगाच खांबावर चढले, उतरले, आणि म्हणाले, “लाइनीत फॉल्ट होता गुरुजी. काढला.” मास्तरांनी त्यांना ताक दिलं होतं. आज स्वतः त्या ताकाच्या पलीकडच्या, मास्तरांच्या बाजूला उभं राहिल्यावर दौलतरावांना कळलं की मास्तरांना सगळं समजलं होतं.

“किती झाले?” त्यांनी अनुपला विचारलं.

“वारंटीत हाय काका,” तो म्हणाला.

दुपारी घरी येऊन टीव्ही पुन्हा भिंतीवर लागला. मग दौलतराव, पाण्याची टाकी बघतो म्हणून, मोबाईल आणि एक जुनी वही घेऊन गच्चीवर गेले. शिवमनं सांगितलेल्या पायऱ्या त्यांनी त्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. तसं करत मोबाईलवर राउटरचं पान उघडलं, तर तिथं ‘नाव लपवा’ या ओळीपुढे एक बारीक बरोबरची खूण होती. त्यांनी ती काढली. सगळं काम अर्ध्या मिनिटाचं. टाकी भरलेलीच होती.

खाली येऊन टीव्ही लावला, तर यादीत पहिलंच नाव त्यांचं.

“एक पार्ट बदलला दुकानदारानं,” ते म्हणाले.

“बरं झालं,” रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, आणि तेच दौलतरावांना जास्त जाचलं.

रविवारी साडेतीनपासून माणसं यायला लागली. बैठकीत जागा पुरेना, तेव्हा दार काढून ठेवल्यासारखं सताड उघडून उरलेले ओसरीत बसले. पंचवीस तरी डोकी असतील. रामीबाई मुलीला घेऊन आली आणि बसता बसता मोबाईलकडे बघून ओरडलीच.

“अवो भाऊ! तुमचं नेट आलं वापस! नाव दिसून राह्यलं!” तिला इतका आनंद झाला होता की तिनं रत्नमालाबाईंचा दंड धरला. “बरं झालं बापा. सोय झाली वाटते तुमची.”

“पासवर्ड जुनाच हाय न भाऊ?” ओसरीतून कुणीतरी विचारलं.

सगळे दौलतरावांकडे बघू लागले. ते रिमोटच्या मागच्या बाजूला बॅटरीचं झाकण तपासू लागले.

“बदलला,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “माहंच नाव हाय. इंग्रजीत, बारक्या अक्षरायत. अन् मांगं आमच्या लग्नाचं साल, सत्त्याऐंशी.” मग नवऱ्याकडे न बघता त्यांनी जोडलं, “मले आधी सांगतलं नव्हतं त्यायनं. मीच पाह्यलं वहीत.”

पंचवीस मोबाईलवर एकाच वेळी रत्नमाला लिहिलं जाऊ लागलं. कुणी त्या नावाची अक्षरं विचारत होतं, कुणी सांगत होतं. दौलतरावांचे कान तापले.

चार वाजता सामना सुरू झाला. काळी पँट, पांढरा टीशर्ट, गळ्यात शिट्टी, आणि हातभर उंच स्नेहा. रत्नमालाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. लेक गंभीर होती. एका दांडग्या खेळाडूला तिनं बोट दाखवून बाहेर काढलं, ती खेळाडू वाद घालायला आली तर स्नेहानं नुसतं तिच्याकडे बघितलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. कोणत्या संघाला वाजवल्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटची तीन मिनिटं उरली. दोन्ही संघ बरोबरीत. चढाई करणारी मुलगी रेषेवर आडवी पडली, तिच्या अंगावर चौघी, आणि तिचा हात रेषेच्या अलीकडे की पलीकडे, ते कुणालाच कळेना. स्नेहा धावत आली, वाकली, हात वर उचलू लागली.

आणि पडद्यावर चकरी फिरू लागली.

“काय झालं?” “टीव्ही गेला का?” “पार्टच डुप्लिकेट देला असन दुकानदारानं!”

दौलतराव उठले. सवयीनं त्यांची मान आधी वर गेली. मग त्यांनी ओसरीकडे पाहिलं. निम्मे लोक मोबाईलवर होते. दोघं तिघं तर तोच सामना आपल्या मोबाईलवर वेगळा बघत होते, टीव्ही नीट दिसत नव्हता म्हणून. रामीबाईची मुलगी गुवाहाटी नकाशात कुठं आहे ते शोधत होती. हेमसिंग कोथिंबिरीचे भाव बघत होता.

“भाऊ, कायचा फॉल्ट हाय?” त्यानं विचारलं.

कारण समोरच बसलं होतं, पंचवीस डोक्यांनी. एक शब्द म्हटला असता तर पुरे होतं. दौलतरावांनी तोंड उघडलं, रामीबाईकडे पाहिलं, आणि मिटलं.

“लाइनीत हाय,” ते म्हणाले. “येते आता.”

त्यांनी आपल्या खिशातला मोबाईल काढला आणि त्याचं वायफाय बंद केलं. रत्नमालाबाईंचा बाजूलाच पडला होता, त्याचंही केलं. नेटवरचे दोन मोबाईल तरी कमी झाले.

काही वेळानं चकरी थांबली आणि चित्र हललं. स्नेहाचा हात तोवर खाली आला होता. एक संघ नाचत होता, दुसरा कपाळाला हात लावून बसला होता, आणि स्नेहा पाणी पीत उभी होती. निर्णय कुणाच्या बाजूनं आणि का झाला, ते गल्लीतल्या एकालाही दिसलं नाही.

“बरोबरच देला असन,” रत्नमालाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. “साखरेचा डबा वर हाय, काढून द्या जरा.”

दौलतराव मान वर करून डबा काढायला गेले.