डाळिंबी शाल

भात झोडून झालं, कणग्या भरल्या, की पोलादपुरात थंडी उतरायची आणि रखमाचे वर्षातले बरे दिवस सुरू व्हायचे. दुपारच्या उन्हात ती परड्यातल्या फणसाजवळ गोणपाट टाकून बसायची आणि क्रोशाची सुई चालवायची. नवरा परळला गिरणीत होता तेव्हा चाळीतल्या शेजारणीने तिला हे शिकवलं होतं. नवरा तापाने गेला, चाळीतली खोली गेली, सुई तेवढी राहिली. तेव्हापासून नऊ वर्षं ती भावाकडे, दत्तारामाकडे होती. नऊ वर्षं शेण, भांडी, लावणी, झोडणी. हिवाळ्यातल्या दुपारी तेवढ्या तिच्या स्वतःच्या. साखळी घालावी, साखळीवर खांब उभे करावेत, ओळीमागून ओळ मांडीवर ऊब चढत जावी. त्या वेळी तिला कुणाचा राग येत नसे, भूकसुद्धा लागत नसे.

त्या साली तिने शाल विणली होती. लोकर डाळिंबी रंगाची. गावातला मोरू भाजीची पाटी घेऊन आंबेनळीचा घाट चढायचा, त्याला दोन कानटोप्या विणून दिल्या तेव्हा कुठे त्याने महाबळेश्वरहून लोकरीचे गुंडे आणले. शाल तिला स्वतःलाच पांघरायची होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विधवा बाई डाळिंबी रंग पांघरणार म्हटल्यावर वहिनीने घर डोक्यावर घेतलं असतं.

आनंदीवहिनीने घर डोक्यावर घेतलं नाही, शालच उचलून घेतली.

"आपल्या चंद्रभागेला बघायला येणार हायत," ती म्हणाली. "मुलगा मुंबईला गोदीत हाय. आसल्या लोकांना विणकामाची पोर लागते. पोरीनंच केली म्हनून दाखवायची."

"आनि विचारलं तर? तिला साधी साखळी येत नाय."

"कोन विचारतंय?"

आणि पोरीला साखळी का येत नव्हती? दोन हिवाळे चंद्रभागा आत्याशेजारी येऊन बसायची, आणि हीच आनंदीबाई तिला दंडाला धरून उठवायची. "ऊठ तिथनं! रंडकीच्या मांडीला मांडी लावून बसतेस? लगीन व्हायचंय तुझं!" म्हणजे आत्याची सावली नको, आत्याची शाल मात्र ओटीवर मांडायला हवी. रखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दत्ताराम खाली मान घालून विडी ओढत राहिला. रखमाने शाल नेऊ दिली, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे म्हणून.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पाहुणे आले. मुलाची आई तुळजाबाई आणि चुलता गोमाजी. वरच्या वाडीतून दव तुडवत चालत आले होते, तुळजाबाईचे दात वाजत होते. रखमाला चुलीमागे बसवून, बाहेर तोंड दाखवायचं नाही, असं बजावलं होतं. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. वहिनीने शाल उलगडली आणि थेट तुळजाबाईच्या खांद्यावर घातली.

"आमच्या चंद्रीनं केलीय."

"काय गो हात पोरीचा!" तुळजाबाई शालीवरून बोटं फिरवत राहिली. "आनि ऊब बघा कशी हाय! माझ्या लेकाला आशीच बायको पायजे." मग ती हौसेने म्हणाली, "जरा विणून दाखव गो माझ्यापुढं. मला पन शिकायचं हाय."

चंद्रभागा सुई आणायच्या निमित्ताने आत आली. "आत्या, आई म्हनते, तू हितंच वीतभर विणून दे. मी भायेर नेऊन दाखवते."

हितंच. चुलीमागे, धुरात, तोंड लपवून. रखमाने सुई आणि गुंडा उचलला आणि ती उठली. सरळ ओटीवर आली, पदर सारखा केला आणि कोरं कपाळ घेऊन तुळजाबाईच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"रखमे!" दत्ताराम ओरडला.

"बघा," ती तुळजाबाईला म्हणाली. तिची बोटं चालू झाली होती. "ही साखळी. हे खांब. तुमच्या आंगावर हाय ती शाल मी केलीय. पोरीला येत नाय, कारन तिला माझ्याजवळ बसूच दिलं नाय."

तुळजाबाईने एकदा तिच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा शालीकडे. मग तिचं तोंड सुटलं. शुभकार्याला रंडकीच्या हातचं पुढं केलंत? आमच्या घरात अवदसा धाडायची होती काय? आनंदीबाईची सात पिढ्यांची लाज तिने काढली. अंगणातून गार वारा आला तशी तिने बोलता बोलता शाल गळ्याशी आणखी घट्ट ओढून घेतली.

ते रखमाने पाहिलं.

"ऊब चालते, हात चालत नाय?" ती म्हणाली आणि तिने शाल त्या बाईच्या अंगावरून खेचून काढली.

पाहुणे चहाला न थांबता गेले. आनंदीबाई कपाळ बडवून घेत होती. आत चंद्रभागा हमसून हमसून रडत होती, आणि ते रडणं तेवढं रखमाच्या काळजाला घरं पाडत होतं. त्या पोरीवर तिचा राग नव्हता. पण ओटी सोडून ती आत गेली नाही.

पाहुण्यांना वाटेला लावून दत्ताराम परत आला. रखमाला वाटलं, हा आता मारेल, नाहीतर नऊ वर्षांत एकदा तरी बायकोला चार शब्द सुनावेल. काहीतरी भावासारखं करेल.

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला जायचं तिथं जा," तो म्हणाला. "शाल ठेवून जा. सोमवारी चंद्रीला बघायला दासगावचे पाव्हने येनार हायत."

रखमाने शाल झटकली आणि आपल्या अंगाभोवती लपेटली.

"मी कुठं जात नाय," ती म्हणाली. "बोलव दासगावकरांना. मी हितंच आसनार, ओटीवर."

आणि ती ओटीवर दाराच्या ऐन समोर बसली. थोड्या वेळाने पाण्याला जाताना आनंदीबाईला तिला वळसा घालून जावं लागलं.